सोन्याची वर्गणी

दर दोन-चार महिन्यांनी मोबाइलवर एक गोष्ट फिरत येते. १९६५चं युद्ध, तिजोरीत खडखडाट, पंतप्रधान लालबहादूर शास्त्री हैदराबादला निजामाच्या दारी जातात आणि कंजूष म्हणून जगभर बदनाम असलेला तो म्हातारा पाच टन सोनं पेट्यांत भरून देशाच्या स्वाधीन करतो. वर एवढंच म्हणतो, की सोनं ठेवा, पेट्या तेवढ्या परत पाठवा. गोष्ट झकास आहे. पेट्यांचा तपशील तर असा बेमालूम बसलाय, की खोटं म्हणायला जीभ रेटत नाही. पण माहितीच्या अधिकारात कुणीतरी विचारलं, तेव्हा राष्ट्रीय संरक्षण निधीकडून उत्तर आलं, की अशा दानाची नोंद आमच्याकडे नाही. निजामानं सोनं दिलं होतं हे खरं. ते ४२५ किलो होतं आणि त्यानं ते सरकारी सुवर्णरोख्यांत गुंतवलं होतं. म्हणजे ठेव. मुदत भरल्यावर परत मिळणारी, मधल्या काळात व्याज देणारी.

याच मीर उस्मान अली खाननं १९१८ साली ब्रिटिशांच्या हवाई दलाला विमानांची अख्खी तुकडी घेऊन दिली होती. ११० क्रमांकाच्या त्या तुकडीला ‘हैदराबाद’ हे नाव मिळालं ते त्यामुळे. साम्राज्याला दान आणि स्वतंत्र देशाला व्याजी ठेव, असा टोमणा मारायचा मोह होतो. पण तो अन्यायाचा होईल. १९६५ साली रोखे घेणारा निजाम एकटा नव्हता. व्यवहार तसा मांडला होता खुद्द सरकारनंच. लढाईसाठी सोनं द्यायची ही चाल आपल्याकडे आली कुठून, तिच्यात दान किती, कर्ज किती आणि जबरदस्ती किती, हे बघत गेलं की मोबाइलवरच्या गोष्टीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचं प्रकरण हाती लागतं. त्यात सगळ्यात जास्त किंमत मोजणाऱ्या माणसाचं नाव तर कुठल्याच गोष्टीत येत नाही.

पूर्वी लढाईचा खर्च हा राजाचा प्रश्न होता. चौथाई, लूट, खंडणी, सावकाराचं कर्ज, अगदीच अडलं तर राजवाड्यातली चांदी. १७६०च्या ऑगस्टात सदाशिवरावभाऊ दिल्लीत होते, फौजेला द्यायला पैसा नव्हता, तेव्हा दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून आटवलं गेलं. सुमारे नऊ लाख रुपये निघाले. एवढ्या फौजेचं त्यात कितीसं भागणार? पुढं पानिपतावर काय झालं ते सांगायला नको. इथं लक्षात घ्यायचं ते एवढंच, की आटवली गेली ती बादशहाची चांदी. पुण्यातल्या किंवा वाईतल्या एखाद्या बाईनं पाटली उतरवून फौजेसाठी द्यावी, ही कल्पना त्या काळी कुणाच्या डोक्यात येण्यासारखी नव्हती. राज्य तिचं नव्हतं.

ती कल्पना यायला देश ही चीज सगळ्यांची आहे, असं आधी पटावं लागतं. युरोपात तिचा ठळक दाखला प्रशियाचा. १८१३ साली नेपोलियनविरुद्ध उठाव करताना राजघराण्यातल्या मारिआना नावाच्या राजकन्येनं बायकांना आवाहन केलं आणि बायकांनी लग्नाच्या सोन्याच्या अंगठ्या दिल्या. बदल्यात त्यांना लोखंडाच्या अंगठ्या मिळाल्या. लोखंडासाठी सोनं दिलं, अशा अर्थाची अक्षरं त्यांवर होती. यातली खरी हुशारी त्या लोखंडात आहे. नुसतं दान विसरलं जातं. बोटात लोखंडाची अंगठी असली की ती पावतीही होते आणि मानही. जिच्या बोटात अजून सोनं चमकतंय, तिच्याकडे शेजारपाजारचे कसे बघत असतील, ते सांगायला नको. पहिल्या महायुद्धात जर्मनी-ऑस्ट्रियात हाच प्रयोग पुन्हा झाला.

मुसोलिनीनं तो आणखी भव्य केला. इथिओपियावर चढाई केल्याबद्दल राष्ट्रसंघानं इटलीवर निर्बंध घातले, तेव्हा १८ डिसेंबर १९३५ रोजी रोमच्या राष्ट्रस्मारकापाशी राणी एलेनानं स्वतःची लग्नाची अंगठी दिली आणि तिच्यामागून बायकांची रांग लागली. परतफेडीला पोलादी अंगठी. नाटककार पिरांदेल्लोनं वर्षभरापूर्वीच मिळालेलं नोबेलचं पदक दिलं. म्हणजे प्रशियात परकी सत्ता झुगारण्यासाठी जे केलं, तेच रोममध्ये दुसऱ्याचा देश गिळण्यासाठी केलं, आणि देणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यांवर दोन्हीकडे बहुधा सारखाच अभिमान असणार.

आपल्याकडे वर्गणीची सुरुवात सोन्यानं नाही, पैशानं झाली, तीही अक्षरशः. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘पैसा फंड’ काढला. माणशी वर्षाला एक पैसा मागायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. टिळक गेल्यावर त्यांच्या नावानं स्वराज्य फंड उभा राहिला. ३० जून १९२१ पर्यंत एक कोटी रुपये जमवायचे ठरलं आणि ते जमले. त्यात मुंबईचा वाटा मोठा. या फंडासाठीच्या दौऱ्यांत गांधीजी बायकांकडे दागिने मागू लागले आणि सभेत बांगड्या, अंगठ्या, साखळ्या काढून द्यायची रीत पडली. सोन्याचं दान तोवर देवाला होतं. आता ते देशाला जाऊ लागलं. पण हा पैसा लढाईचा नव्हता. गांधीजींच्या लढ्यात दारूगोळा लागत नव्हता.

दारूगोळ्यासाठी सोनं मागितलं ते सुभाषबाबूंनी, तेही भारताबाहेर. मलाया आणि ब्रह्मदेशातल्या हिंदी माणसांकडून आझाद हिंद सरकारनं जो पैसा उभा केला, त्यात रंगूनच्या हबीब नावाच्या व्यापाऱ्यानं आपली जवळजवळ सगळी इस्टेट दिली आणि तमिळ मजुरांच्या बायकांनी कानातलं दिलं. एप्रिल १९४४मध्ये रंगूनला आझाद हिंद बँक निघाली. जानेवारी १९४५मध्ये, नेताजींच्या वाढदिवशी, त्यांची सोन्यानं तुला झाली. तुलेचा इतिहास पाहिला तर हे विलक्षण वाटतं. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकात शिवाजीमहाराजांची सुवर्णतुला झाली, ती इंग्रज वकील ऑक्झिंडेननं नोंदवली आहे. तिथं पारड्यातलं सोनं राजाचं आणि ते वाटलं जाणार लोकांत. रंगूनमध्ये सोनं लोकांचं, जाणार सरकारी तिजोरीत, आणि दुसऱ्या पारड्यातल्या माणसाच्या पायाखाली स्वतःची अशी जमीन बित्तभरही नव्हती.

त्या खजिन्याचं पुढं काय झालं, यावर पुस्तकं लिहिली गेली आहेत. १८ ऑगस्ट १९४५ रोजी तैहोकूला, म्हणजे आजच्या तैपेईत, नेताजींचं विमान कोसळलं. अवशेषांतून जपान्यांनी दागिने गोळा केले. ते टोकियोमार्गे १९५२ साली दिल्लीला आले आणि राष्ट्रीय संग्रहालयात मोहोरबंद ठेवले गेले. सुमारे अकरा किलो. जळालेले, काळवंडलेले, काही लोखंडाच्या तुकड्यांशी वितळून एकजीव झालेले. कुड्या, बांगड्या, साखळ्या यांचा तो गोळा संग्रहालयात आहे, पण मांडलेला नाही. उरलेलं सोनं कुणी लांबवलं हा वाद बाजूला ठेवू. जे उरलं ते तरी लोकांना पाहायला मिळायला हरकत नव्हती.

आता १९६२. २० ऑक्टोबरला चीननं हल्ला केला, २६ ऑक्टोबरला देशात आणीबाणी जाहीर झाली आणि संरक्षण निधीसाठी जी लाट उसळली, तशी त्यापूर्वी दिसली नव्हती आणि नंतरही क्वचितच दिसली. शाळेतल्या मुलांनी खाऊचे पैसे दिले, बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, सिनेमातले नटनट्या रस्त्यावर झोळी घेऊन फिरले. आणि सोनं. पाटल्या, गोठ, बोरमाळा, पुतळ्यांची माळ, नथीसुद्धा. दागिन्यांच्या बदल्यात शस्त्रं, अशी घोषणाच झाली होती. मराठी माणसाला त्या दिवसांची वेगळी आठवण आहे, कारण २१ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य घराघरांत गेलं. योगायोग असा, की त्याच दिवशी चीननं युद्धबंदी जाहीर केली. सह्याद्री पोचला तेव्हा लढाई थांबली होती. उरलं होतं ते बिल.

बिल मोठं होतं, आणि ते परकीय चलनात होतं. तोफा, विमानं, रडार, बर्फातले बूट, यांतलं बरंचसं परदेशातून आणायचं, आणि परदेशी दुकानदार रुपये घेत नव्हता. सोनं मात्र कुणीही घेतं. म्हणून अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी नुसत्या दानावर न थांबता नोव्हेंबर १९६२मध्ये सुवर्णरोखे काढले. सोनं द्या, साडेसहा टक्के व्याज घ्या, १९७७ साली मुद्दल परत.

आता यातली मेख बघा. सरकारनं सोन्याचा भाव धरला १० ग्रॅमला ५३ रुपये ५८ पैसे. हा आंतरराष्ट्रीय अधिकृत भाव होता, औंसाला ३५ डॉलर, डॉलरला पावणेपाच रुपये धरून. मुंबईच्या झवेरी बाजारात तेव्हा १० ग्रॅमला शंभराच्या वर भाव चालू होता, कारण १९४७पासून सोन्याची आयात बंद होती. म्हणजे बाजारात जे शंभराच्या वर जाईल, ते सरकारात ५३ला. आणि १९७७ साली परत मिळणार ते सोनं नव्हे, रुपये; तेही त्याच भावानं. १९७७ साल उजाडलं तेव्हा सोनं १० ग्रॅमला चारशेच्या पुढं गेलं होतं. ज्या बाईनं १९६२मध्ये सरकारवर भरवसा टाकून दहा ग्रॅमची साखळी रोख्यात घातली, तिला पंधरा वर्षांनी त्या पैशात जेमतेम ग्रॅमभर सोनं आलं असतं.

रोख्यांत किती सोनं जमलं? १६.३ टन. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण रिझर्व्ह बँकेनं १९५८ साली देशातल्या लोकांजवळच्या सोन्याचा अंदाज बांधला होता, तो साडेदहा कोटी औंसांचा, म्हणजे सव्वातीन हजार टनांच्या आसपास. त्यातला अर्धा टक्का आला. रोख्याच्या भावानं त्याची किंमत होते पावणेनऊ कोटी रुपये. मोरारजींनी पुढच्याच वर्षी, १९६३-६४ साठी, संरक्षणाला जी तरतूद केली ती ८६७ कोटींची होती. डिसेंबर १९६२मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी मिळून जी तातडीची लष्करी मदत देऊ केली ती १२ कोटी डॉलरची, म्हणजे तेव्हाचे ५७ कोटी रुपये. या आकड्यांशेजारी पावणेनऊ कोटी ठेवून पाहिले की कळतं, लढाईचा खर्च दागिन्यांतून कधीच निघणार नव्हता. तो निघाला करांतून. सक्तीची ठेव आणि कंपन्यांवर जादा नफ्याचा कर, हे दोन्ही कायदे १९६३चेच. त्यांची गाणी कुणी केली नाहीत.

याचा अर्थ नथ काढून देणारी बाई भोळी होती असा कुणी काढू नये. दान देणारीला हिशेब माहीत नव्हता आणि तिनं तो विचारलाही नाही. मात्र रोख्यांकडे पाठ फिरवणाऱ्या हजारो घरांना हिशेब चोख कळला होता. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत घरातल्या सोन्याला निपचित पडलेलं भांडवल म्हणतात. सातारा-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यातल्या बाईच्या लेखी ते निपचित कधीच नव्हतं. पेरणीला, बाळंतपणाला, मुलाच्या फीला, सासऱ्याच्या आजारपणाला ते गहाण पडायचं आणि सुगीला सुटून यायचं. बँक नसलेल्या गावात तीच तिची बँक. तिच्या नावावर ना जमीन, ना घर; अंगावरचं सोनं तेवढं तिचं. ते सरकारनं निम्म्या भावात मागितलं आणि तिनं दिलं नाही, यात देशप्रेमाची कमतरता शोधणं मला पटत नाही.

सरकारला मात्र ते लागलं असावं. ९ जानेवारी १९६३ रोजी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, आणि तेही भारत संरक्षण नियमांचा भाग म्हणून. म्हणजे ज्या कलमांखाली हेर पकडायचे, त्यांच्याच पंक्तीला सोनार येऊन बसला. दागिन्याखेरीजचं सोनं, वेढणी, लगड, चीप, ठरलेल्या मर्यादेपलीकडे असेल तर जाहीर करा. आणि नवा दागिना चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचा घडवायचा नाही.

चौदा कॅरेट म्हणजे हजारात ५८३ भाग सोनं, उरलेलं तांबं-चांदी. आपल्याकडचा दागिना बावीस कॅरेटचा, हजारात ९१६. फरक नुसत्या आकड्यांचा नाही, तो हाताला कळतो. बावीसचं सोनं मऊ. हातोडीखाली ते कागदासारखं पातळ होतं, म्हणून तर बोरमाळेचा पोकळ मणी पत्र्यातून ठशावर उठवता येतो, ठुशीतले बारीक मणी गुंफता येतात, कोल्हापुरी साजाची पानं वळवता येतात. चौदाच्या पत्र्यावर चार ठोके पडले की तो ताठरतो. पुन्हा तापवा, पुन्हा ठोका, नाहीतर कडेला चीर जाते. नेहमीचा डाख त्याला जुळत नाही. रंगाला तांबूस झाक येते. कसोटीच्या दगडावर ओढलेल्या रेघेला तेजाब लावलं की बावीसची रेघ टिकते, चौदाची फिकी होत जाते. लेकीच्या लग्नाला जमलेल्या बायकांना एवढं कळतं. हे कसलं सोनं, असं म्हणून गिऱ्हाईक उठून जायला तेवढं पुरे होतं.

सुरुवातीच्या नियमांत तर जुना बावीसचा दागिना मोडून पुन्हा बावीसचा करून द्यायलाही मनाई होती. आणि गावच्या सोनाराचं पोट बहुतांशी त्याच कामावर. त्याच्याकडे माल नसतो. गिऱ्हाईक आजीच्या पाटल्या आणून देतं, हा त्यांच्या नातीसाठी बांगड्या करतो, घडणावळ घेतो. फुंकणी, चिमटा, मूस, ऐरण, ठसे, एवढ्यावर संसार. पेढीवाला सराफ तग धरू शकला. त्याच्याजवळ भांडवल होतं, दुसरा धंदा होता. ओटीवर शेगडी घेऊन बसणारा कारागीर एका दिवसात बेकार झाला. देशभरात असे लाखो. सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या, संसदेत त्यावर खडाजंगी झाली. सोनारानं कान टोचावेत अशी आपली म्हण. त्या वर्षी सरकारनं सोनाराचाच कान असा पिळला, की तो सुटायला जवळजवळ तीन दशकं लागली. सरकारनं कर्जं देऊ केली, मुलांच्या फीची सवलत दिली, दुसऱ्या नोकऱ्यांत सामावून घेऊ म्हटलं. वयाच्या दहाव्या वर्षापासून फुंकणी फुंकलेल्या पन्नाशीच्या माणसानं कुठं नोकरीला लागायचं होतं, हे काही कुणी सांगितलं नाही.

मोरारजींचा हेतू वाईट नव्हता, हे मान्य करायला हवं. लोकांची सोन्याची हाव सुटावी, चोरटी आयात थांबावी, परकीय चलन वाचावं. पण मुंबईकरांना हा हात ओळखीचा होता. मुंबई राज्यात गृहमंत्री असताना याच हातानं दारूबंदी राबवली होती आणि तिच्यातून गल्लोगल्ली हातभट्ट्या निघाल्या होत्या. सोन्याचं निराळं काय होणार?

१९६३च्या ऑगस्टात, ज्येष्ठ मंत्र्यांनी पक्षकार्यासाठी पदं सोडायच्या कामराज योजनेत, मोरारजी मंत्रिमंडळाबाहेर पडले. सप्टेंबरात नवे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सोनारांना जुने दागिने मूळ शुद्धतेत घडवून द्यायची मुभा दिली. नोव्हेंबर १९६६मध्ये चौदा कॅरेटची अट पूर्ण गेली. १९६७ साली मोरारजी पुन्हा अर्थमंत्री झाले आणि १९६८ साली सुवर्ण नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा आला. आणीबाणी संपली तरी तिचं पोर घरातच राहिलं, ते असं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं बांठिया खटल्यात त्यातली अनेक कलमं अवाजवी ठरवून रद्द केली. सरकारनं दुरुस्ती करून कायदा पुन्हा उभा केला. सोनाराला प्रमाणपत्र, सराफाला परवाना, दोघांना वह्या आणि झडत्या. शत्रू कधीच हिमालयापलीकडे गेला होता.

मधल्या काळात १९६५चं युद्ध आलं, आणि या वेळी सरकारनं पहिल्या रोख्यांवरून धडा घेतला. ऑक्टोबर १९६५चे राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोखे १९८० साली फेडायचे होते, पण रुपयांत नाही, सोन्यात. जेवढं द्याल तेवढं, ९९५ शुद्धतेचं, परत. शिवाय सोनं कुठून आणलं, हे कुणी विचारणार नाही. लपवलेलं सोनं धुऊन घ्यायची ही सरकारमान्य खिडकी होती. १३.७ टन जमलं. निजामाचं सोनं आलं ते याच मोसमात. १९८०पर्यंत सोन्याचा भाव कितीतरी पटींनी चढला होता, त्यामुळे घाटा झाला तो सरकारचा. गंमत अशी, की १९६२मध्ये विश्वासानं दिलं ते बुडाले आणि १९६५मध्ये अटी वाचून दिलं ते तरले.

इकडे कोकणच्या किनाऱ्यावर दुसराच बाजार भरला होता. दुबईहून गलबतं निघायची, दमण, मुंबई, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या खाड्या. सोन्याची बिस्किटं दहा तोळ्यांची, कारण आपल्याकडे वजन किलोत आलं तरी व्यवहार तोळ्यातच चाले. एक बिस्कीट ११६ ग्रॅमांचं, मुठीत मावणारं. ती नेण्यासाठी जाड कापडाची जाकिटं शिवलेली असत, ओळीनं छोटे छोटे खिसे, शंभर बिस्किटांचं एक जाकीट. म्हणजे अंगावर साडेअकरा किलो. असला माणूस होडीतून पाण्यात पडला की पुन्हा वर येत नसे. किनाऱ्यावर माल उतरवणारे वेगळे, वाहणारे वेगळे, डोळेझाक करणारे वेगळे, आणि प्रत्येकाचा दर ठरलेला. हिंदी सिनेमानं त्यातून नायकही घडवले.

हीच उतरण्याची ठिकाणं, हीच हप्त्यांची साखळी १९९३च्या जानेवारी-फेब्रुवारीत कामाला आली. रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीला स्फोटकं उतरली आणि १२ मार्चला मुंबई हादरली. नेहमीचा चोरटा माल समजून वाट मोकळी करून देणाऱ्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांना पुढं शिक्षा झाल्या. सुवर्ण नियंत्रण नसतं तर स्फोट झाले नसते, असं म्हणणं बाष्कळपणाचं ठरेल. आयातबंदी त्याच्या आधीपासून होती आणि स्फोटांची कारणं वेगळी होती. पण किनारा विकत घ्यायची सवय लावली ती सोन्यानं. देशाच्या संरक्षणासाठी म्हणून काढलेल्या नियमानं त्या सवयीला सत्तावीस वर्षं खतपाणी घातलं, एवढं तरी कबूल करावं लागेल.

कायदा गेला तो कोकणातून निवडून येणाऱ्या एका अर्थमंत्र्याच्या हातून. राजापूरचे खासदार मधु दंडवते यांनी १९९०च्या अर्थसंकल्पात सुवर्ण नियंत्रण रद्द करत असल्याचं जाहीर केलं आणि जूनमध्ये ते कागदोपत्री संपलं. आयुष्यभर समाजवादी राहिलेल्या माणसानं सरकारचा परवाना-अंमल असा मोडावा, याचं तेव्हा अनेकांना नवल वाटलं. मला ते सरळ वाटतं. या कायद्यानं धनिकाला काडीचा त्रास झाला नव्हता. मेला होता तो कारागीर, आणि दंडवत्यांना तो माहीत होता.

पुढच्याच वर्षी सोनं पुन्हा बातम्यांत आलं. आखाती युद्धानं तेल भडकलं, परकीय चलन काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं, तेव्हा १९९१मध्ये आधी वीस टन आणि मग रिझर्व्ह बँकेचं जवळजवळ सत्तेचाळीस टन सोनं परदेशी बँकांकडे गेलं. दुसऱ्या खेपेचा फार गवगवा झाला. पहिल्या वीस टनांकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. ते सोनं कुठल्या बाईनं दिलेलं नव्हतं. चोरट्यांकडून वर्षानुवर्षं जप्त करून सरकारी कोठारात साठलेलं होतं. निम्म्या भावाच्या रोख्यांत जमलं त्यापेक्षा हे जास्त भरलं.

१९६२चा राष्ट्रीय संरक्षण निधी अजून चालू आहे. पंतप्रधान त्याच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष, संरक्षण, गृह आणि अर्थमंत्री सदस्य, खाती रिझर्व्ह बँकेत. पैसा लष्कराच्या आणि निमलष्करी दलांच्या माणसांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या कल्याणासाठी जातो. माजी सैनिकांच्या आणि शहिदांच्या मुलांना व्यावसायिक शिक्षणासाठी त्यातून शिष्यवृत्ती मिळते. २०१९ साली तिची रक्कम वाढवून मुलग्यांना महिना २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये करण्यात आली.